मुकुट खरा, साल खोटं?

प्रश्न : लेस्टरच्या जुन्या बाजारात मार्टिनी-हेन्री ही जुनी ब्रिटिश लष्करी रायफल पाहिली. उजव्या अंगाला मुकुट, ‘व्ही.आर.’, ‘एनफिल्ड’ (ब्रिटिश शस्त्र कारखाना) आणि 1902. विक्रेता अस्सल म्हणतो. घेऊ का?
– एक वाचक, लेस्टर

उत्तर : अस्सलच्या भावात मुळीच नको! ‘व्ही.आर.’ म्हणजे राणी व्हिक्टोरिया. ती जानेवारी 1901मध्येच वारली. हा माल बहुधा खैबर खिंडीकडची नक्कल. तिथले कारागीर ठसे नुसते बघून उठवत. इंग्रजी ‘एन’ उलटा पडलाय का, भिंगातून पाहा. कारागिरी मात्र बघण्यासारखी, स्वस्तात मिळाली तर मी स्वतः भिंतीवर लावीन. .577/450 हे कॅलिबर (काडतुसाचं माप) ब्रिटनमध्ये कालबाह्य यादीत आहे, त्यामुळे रायफल सप्टेंबर 1939पूर्वी बनलेली असेल तर निव्वळ शोभेसाठी ठेवायला परवाना लागत नाही. पण बार काढायचा विचारही करू नका, नळीच्या पोलादाचा भरवसा नाही.