खाडीकाठचा बेसबॉल: सॅन फ्रान्सिस्कोत कुठे बसावं, काय न्यावं

प्रश्न: जुलैमध्ये मुलीकडे सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या सनीव्हेलला जातो आहोत. शहरातल्या ओरॅकल पार्क स्टेडियममध्ये जायंट्सचा, म्हणजे तिथल्या बेसबॉल संघाचा, सामना पाहायचा आहे. पाणी आणि पूल दिसेल अशी जागा कोणती?

उत्तर: सर्वांत वरच्या मजल्याची. मैदानालगतच्या महागड्या खुर्च्यांवरून खेळ उत्तम दिसतो, पण समोरची भिंत आणि प्रेक्षकांचे स्टँड खाडी झाकून टाकतात. होम प्लेट, म्हणजे बॅटर उभा राहतो ती जागा, पश्चिमेला आहे आणि मैदान पूर्वेला खाडीकडे उघडतं. त्यामुळे फर्स्ट बेसच्या, म्हणजे होम प्लेटवरून मैदानाकडे पाहताना उजव्या, बाजूला वर बसलात तर नजर ईशान्येला, खाडीवरच्या बे ब्रिज या पुलाकडे जाते. थर्ड बेसच्या, म्हणजे डाव्या, बाजूला बसलात तर मैदानाच्या उजव्या कडेची भिंत आणि तिच्या मागचं मॅककव्ही कोव्ह या खाडीच्या फाट्याचं पाणी समोर येतं. पहिल्यांदाच जात असाल तर होम प्लेटच्या बरोबर मागचा वरचा मजला घ्या. तिथून पिचरचा, म्हणजे गोलंदाजाचा, चेंडू कसा वळतो तेही कळतं आणि खाडीही सुटत नाही. मात्र वरच्या पायऱ्या उभ्या चढणीच्या आहेत. गुडघे दुखत असतील तर लिफ्टने वर जा आणि तिकीट काढतानाच कमी पायऱ्यांची रांग निवडा.

प्रश्न: जुलै म्हणजे तिथला उन्हाळा. मग स्वेटर कशाला, असं हे म्हणतात.

उत्तर: स्वेटर हवाच, आणि त्यावर वारा अडवणारं जाकीटही. आतल्या खोऱ्यांतली हवा तापून वर जाते आणि तिची जागा घ्यायला पॅसिफिकवरची गार हवा धुक्यासकट शहरात शिरते. सनीव्हेलहून निघताना घाम येत असतो, म्हणूनच माणसं फसतात. रात्री तापमान १२-१३ अंशांवर येतं, शिवाय वाऱ्याने ते आणखी कमी वाटतं. कानटोपी आणि पूर्ण पायघोळ कपडे घ्या. दुपारच्या सामन्याला उलटा त्रास होतो: आउटफिल्डमागच्या, म्हणजे मैदानाच्या पलीकडच्या टोकाच्या, बाकांचं तोंड पश्चिमेला असल्याने ऊन थेट डोळ्यांत येतं.

प्रश्न: चेंडू थेट पाण्यात पडतो म्हणतात. आम्हाला दिसेल का?

उत्तर: त्या भरवशावर जाऊ नका. उजव्या कडेची भिंत होम प्लेटपासून ३०९ फुटांवर, म्हणजे जेमतेम ९४ मीटरवर आहे, पण ती २४ फूट उंच आहे. हा २४ आकडा जायंट्सचे दिग्गज खेळाडू विली मेज यांच्या जर्सीचा. भिंतीमागे पदपथ आहे आणि त्यापलीकडे पाणी. अधिकृत ‘स्प्लॅश हिट’ म्हणून मोजला जातो तो फक्त जायंट्सच्या बॅटरने मारलेला, मध्ये कुठेही टप्पा न पडता पाण्यात गेलेला होम रन (क्रिकेटमधल्या षटकारासारखा फटका). जायंट्सचे एकटे खेळाडू बॅरी बाँड्स यांनी असे ३५ मारले. हे काम बहुतेक डावखुऱ्यांचंच, कारण ताकदीने ओढलेला त्यांचा फटका उजवीकडे जातो. उजव्या हाताच्या खेळाडूला, एलियोत रामोस यांना, ते साधलं ते थेट २०२४ मध्ये! पाण्यात कायाक घेऊन वाट पाहत बसलेले लोक मात्र नक्की दिसतील.

त्या पदपथावर भिंतीला कमानी आहेत. तिथे जाळीतून तिकिटाशिवाय सामना पाहता येतो, गर्दी असेल तर तीन इनिंगपर्यंत (एका इनिंगमध्ये दोन्ही संघ एकेकदा फलंदाजी करतात). तिकीट असलं तरी आत जाण्याआधी तिथे एक चक्कर माराच.

प्रश्न: तिकीट, पिशवी आणि परतीचा प्रवास?

उत्तर: तिकीट फोनवरच असतं. दाराशी गर्दीत नेटवर्क मंदावतं, म्हणून ते घरूनच फोनच्या वॉलेटमध्ये उतरवून ठेवा. चौघांची तिकिटं एका फोनवर असतील तर चौघांनी एकत्रच आत शिरायचं. पिशवी १६ × १६ × ८ इंचांहून मोठी नको. काचेच्या बाटल्या आणि डबाबंद पेयं नेऊ नका. लसणाचे तळलेले बटाटे तिथेच खा, तिथली ती खासियत आहे. शेवटच्या इनिंगांत सीगल उतरू लागतात, तेव्हा खाणं उघडं ठेवू नका. खालच्या रांगांत असाल तर चेंडू टाकला जात असताना फोनमध्ये पाहू नका, फाउल चेंडू, म्हणजे बॅटला लागून मैदानाच्या हद्दीबाहेर उडालेला, क्षणात येतो.

सनीव्हेलहून कॅलट्रेन ही लोकल रेल्वे सोयीची. शेवटचं स्थानक फोर्थ आणि किंग रस्त्यांवर आहे, तिथून स्टेडियम चालत काही मिनिटांवर. बेसबॉलला ठरलेली वेळ नसते. बरोबरी झाली तर जादा इनिंग होतात. म्हणून रात्रीच्या शेवटच्या गाडीची वेळ आधीच पाहून ठेवा. क्लिपर कार्ड (तिथलं प्रवासभाड्याचं कार्ड) गाडीत चढण्याआधी यंत्रावर लावा आणि उतरल्यावर पुन्हा लावा. उतरताना विसरलात तर सर्वांत लांबचं भाडं कापलं जातं.