कच्च्या आवृत्तीत प्रोजेक्ट करू का?

प्रश्न : ब्लेंडर या थ्रीडी ॲनिमेशनच्या सॉफ्टवेअरची अजून तयार होत असलेली आवृत्ती कुणालाही फुकट डाउनलोड करता येते म्हणे. कॉलेजचा ॲनिमेशन प्रोजेक्ट त्यातच करू का?
– एक विद्यार्थिनी, नाशिक

उत्तर : खेळून बघ जरूर, पण मार्कांचं काम त्यात नको. २००२ साली लोकवर्गणीतून १ लाख युरो जमले आणि ब्लेंडरचा कोड, म्हणजे सॉफ्टवेअर ज्यातून बनतं ते लिखाण, सगळ्यांसाठी खुला झाला. तेव्हापासून हे बांधकाम उघड्यावरच चालतं. कच्च्या आवृत्तीवर ‘अल्फा’ लिहिलेलं असेल तर सुविधा अजून बदलतायत, ‘बीटा’ असेल तर मुख्यतः दुरुस्त्या चालू आहेत. डाउनलोड केलेली झिप फाइल वेगळ्या फोल्डरमध्ये उघड, जुनं ब्लेंडर जागेवर राहील. तुझ्या प्रोजेक्टच्या फाइलची मात्र आधी प्रत काढ. नव्यात सेव्ह केलेली फाइल जुन्यात नीट उघडेलच असं नाही. ब्लेंडर मध्येच बंद पडलं तर हेल्प मेनूतून ते बनवणाऱ्यांना कळव, नुसतं ‘चालत नाही’ लिहू नकोस (असली पत्रं मलाही येतात!), काय केल्यावर बंद पडलं ते क्रमाने लिही.