गाडी माझी, मग मी ‘वहिनी’ का?

प्रश्न : गाडी मी माझ्या पगारातून घेतली. अर्जावर नाव माझं, सहीही माझीच. विक्रेता मात्र इंजिन, हप्ते, विमा सगळं नवऱ्याकडे बघून सांगत होता. मला फक्त, “वहिनी, रंग कोणता आवडला?” नंतरचं पत्रही ‘सौ.’ लावून आलं. मी उगाच मनाला लावून घेतेय का?

उत्तर : मुळीच नाही. ‘वहिनी’ हा शब्दच बघा. भावाची बायको ती वहिनी. म्हणजे त्याने आधी तुमच्या नवऱ्याला भाऊ मानलं आणि तुम्ही त्याच्यामार्फत आलात! गिऱ्हाईक तुम्ही होतात.

मी बरीच वर्षं एका कार्यालयात ग्राहकांना पत्रं पाठवायचे. आमच्या अर्जात पुरुषाला एकच चौकट होती, ‘श्री.’; बाईला तीन : कुमारी, सौ., श्रीमती. ती का, हे मी कित्येक वर्षं विचारलंच नाही, याचं मला आजही वाईट वाटतं. इंग्रजीत लग्नाचा उल्लेख टाळणारं ‘मिझ’ (Ms.) हे बाईच्या नावाआधीचं संबोधन अमेरिकेतल्या एका वृत्तपत्राने 1901 मध्येच सुचवलं होतं. फ्रान्सने सरकारी अर्जांतून ‘मादमुआझेल’, म्हणजे त्यांचं ‘कुमारी’, काढलं ते 2012 मध्ये.

कंपनीला दोन ओळी लिहा : माझ्या नावामागचं ‘सौ.’ काढा, पूर्ण नाव पुरेसं आहे. आणि पुढच्या वेळी विक्रेता नवऱ्याकडे वळला, तर पुढचा प्रश्न तुम्हीच विचारा. नवऱ्यालाही आधीच सांगून ठेवा, “उत्तर देऊ नकोस, माझ्याकडे बघ.” त्याचं तेवढं बघणं फार उपयोगी पडतं.