साडेतीन लाखांचा डिप्लोमा आणि मुलीचा रंग

प्रश्न : माझी मुलगी दोन वर्षे लातूरला राहून नीटची तयारी करत होती, दुसऱ्या खेपेलाही गुण कमी पडले. संभाजीनगरला एका संस्थेच्या चर्चासत्रात ‘स्टेम सेल त्वचा उपचार’ या एक वर्षाच्या डिप्लोमाची माहिती मिळाली. शुल्क साडेतीन लाख रुपये आहे. उन्हाने खराब झालेली आणि वय झालेली त्वचा स्टेम सेलमुळे पुन्हा नवी होते, असे तेथे सांगितले. मुलगी सावळी आहे, सुट्टीत कापूस वेचायला येऊन आणखी रापली आहे. तिला स्वतःलाही उपयोग होईल आणि पुढे स्थळे पाहताना अडचण येणार नाही. तिला तसे सूक्ष्मजीवशास्त्र वाचायला आवडते. अर्धा एकर विकून प्रवेश घ्यावा का?
– एक पालक, जिंतूर तालुका, जि. परभणी

उत्तर : प्रवेश घेऊ नये आणि जमीनही विकू नये. आपल्या प्रश्नाचे उत्तर एवढेच आहे. परंतु पत्र दोनदा वाचल्यावर शुल्काच्या आकड्यापेक्षा दुसरेच काही मला खटकत राहिले. मुलीच्या आवडीला आपण एक लहानसे वाक्य दिले आहे, तेही ‘तसे’ म्हणून बाजूला सारलेले. तिच्या रंगाविषयी आणि स्थळांविषयी मात्र सविस्तर लिहिले आहे. दोनदा परीक्षेत मागे पडलेली मुलगी घरात असताना वडील जो अभ्यासक्रम शोधत आहेत, तो तिने शिकावा म्हणून की तिच्यावर वापरला जावा म्हणून, हे पत्रावरून सांगता येत नाही. आणि हे तिच्या लक्षात आले नसेल, असे कृपया समजू नका.

रंगाविषयीही थोडे बोलले पाहिजे. बाह्यत्वचेच्या सर्वांत खालच्या थरात मूलपेशी, म्हणजेच स्टेम सेल, असतात आणि त्यांच्यापासून तयार झालेल्या पेशी काही आठवड्यांत वर सरकून गळून पडतात. त्वचा अशी आयुष्यभर नवी होतच असते. त्याच थरातील रंगपेशी शेजारच्या पेशींना मेलॅनिन पुरवतात, ते पेशीकेंद्रकावर टोपीसारखे जमते आणि अतिनील किरणांपासून आतील डीएनएचे काही प्रमाणात रक्षण करते. म्हणजे ज्या सावळेपणावर आपण उपाय शोधत आहात, तोच तिच्या त्वचेचा पहिला बचाव आहे. राहिला प्रश्न रापण्याचा, तर वेचणीला जाणाऱ्या बायका साडीवर नवऱ्याचा पूर्ण बाह्यांचा सदरा चढवतात आणि डोक्याला रुमाल बांधतात. उन्हापासून संरक्षणाचा तो उपाय चर्चासत्रात ऐकलेल्या कोणत्याही उपायापेक्षा अधिक खात्रीचा आहे.

‘स्टेम सेल क्रीम’विषयीचा गैरसमज मात्र नीट दूर व्हायला हवा. अशा क्रीममध्ये जिवंत मूलपेशी नसतात. बहुतेक वेळा सफरचंदासारख्या वनस्पतीच्या पेशींचा अर्क असतो. जिवंत पेशी डबीत, परिरक्षकांच्या म्हणजे क्रीम खराब होऊ नये म्हणून घातलेल्या रसायनांच्या सान्निध्यात टिकणार नाही आणि टिकली तरी त्वचेच्या वरच्या मृत थरातून अख्खी पेशी आत शिरणार नाही. इंजेक्शनची गोष्ट अधिक गंभीर आहे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार मूलपेशींचा नेहमीच्या उपचारात वापर ठरावीक आजारांसाठीच, प्रामुख्याने रक्ताच्या विकारांसाठी, मान्य आहे. इतरत्र तो केवळ मंजूर चाचण्यांमध्येच करता येतो. उन्हाने किंवा वयाने थकलेली त्वचा त्या यादीत नाही. मग हा डिप्लोमा घेतलेली, डॉक्टर नसलेली मुलगी नेमके कोणते काम करणार, हा प्रश्न त्या चर्चासत्रात कोणीही विचारला नाही, याचे मला आश्चर्य वाटते.

विषय स्वतः खोटा नाही, हेही सांगितले पाहिजे. हॉवर्ड ग्रीन आणि जेम्स राइनवाल्ड यांनी १९७५ मध्ये मानवी त्वचेच्या पेशी प्रयोगशाळेत वाढवण्याची पद्धत प्रसिद्ध केली आणि पुढे तिच्या आधारे भाजलेल्या रुग्णांसाठी त्वचा तयार करता आली. २०१७ मध्ये तर एका गंभीर आनुवंशिक त्वचाविकाराच्या मुलाची सुमारे ८० टक्के बाह्यत्वचा, जनुकीय दुरुस्ती केलेल्या त्याच्याच पेशींपासून वाढवून, बदलल्याचे प्रसिद्ध झाले. मूलपेशींनी स्रवलेल्या द्रव्यांमुळे अतिनील किरणांची इजा कमी होते का, याचा शोधही चालू आहे. पण त्यातले बरेचसे काम प्रयोगशाळेतील पेशींवर आणि उंदरांवर झालेले आहे. हे काम करणारी माणसे एका वर्षाच्या डिप्लोमातून येत नाहीत.

आपल्या मुलीला ज्या विषयाची गोडी आहे, तोच या संशोधनाकडे जाणारा एक रस्ता आहे. नांदेड किंवा संभाजीनगरला सूक्ष्मजीवशास्त्र अथवा जैवतंत्रज्ञानात बी.एस्सी., नंतर गॅट-बी किंवा जॅम ही प्रवेश परीक्षा देऊन एम.एस्सी., पुढे संशोधनासाठी नेट ही पात्रता परीक्षा. पुण्याचे राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र आणि बंगळूरची इन्स्टेम ही संस्था येथे मूलपेशींवर संशोधन होते. हा रस्ता लांबचा आहे, आणि तो तिने निवडला तरच चालण्यासारखा आहे.

त्यामुळे पुढचे पत्र तिनेच लिहावे. नीटचा तिसरा प्रयत्न तिला स्वतःला करायचा आहे की नाही आणि सूक्ष्मजीवशास्त्रातले तिने काय वाचले आहे, एवढे त्यात आले तरी मला अधिक नेमके सांगता येईल. चर्चासत्रात नोंदणीपोटी काही रक्कम भरली असल्यास ती परत मिळावी म्हणून संस्थेकडे लेखी अर्ज करावा आणि त्याची पोच घ्यावी.