क्युरेटिंगनंतर गर्भाशय आतून चिकटलंय, पाळी जवळपास बंद झाली आहे. गोळ्यांनी सुटेल का?

नाही, नुसत्या गोळ्यांनी सुटत नाही. मूल हवं असेल किंवा पाळी आत अडून पोटात दुखत असेल, तर हिस्टेरोस्कोपी (दुर्बिणीने गर्भाशयाच्या आत बघून करायची शस्त्रक्रिया) हाच मुख्य उपचार. गर्भाशय असं आतून चिकटण्याला ॲशरमन सिंड्रोम म्हणतात (जोसेफ ॲशरमन यांनी १९४८ मध्ये वर्णन केलं). जखम भरताना तयार झालेले हे पट्टे औषधाने विरघळत नाहीत, म्हणून पोटावर छेद न घेता योनीमार्गे दुर्बीण घालून, नजरेसमोर बारीक कात्रीने कापतात. पुन्हा क्युरेटिंग मात्र नको, न बघता खरवडल्याने चिकटणं वाढू शकतं. खरी अडचण नंतरची आहे: सुटलेल्या भिंती पुन्हा चिकटतात. त्यासाठी सहसा हे उपाय करतात:

- काही दिवस आत फुगा, किंवा हायलुरोनिक ॲसिडचं जेल
- काही आठवडे इस्ट्रोजेन (स्त्री-हार्मोन)
- थोड्या आठवड्यांनी पुन्हा दुर्बिणीने तपासणी

आपल्याकडे गर्भाशयाचा टीबी हेही कारण असतं, ते नक्की तपासून घ्या. तसं असेल तर टीबीची औषधं आधी, आणि यशाची शक्यता कमी. पाळी सुरू झाली म्हणजे गर्भ राहीलच असं नाही. राहिला, तर वार (प्लॅसेंटा) गर्भाशयाला घट्ट चिकटण्याचा धोका असतो, म्हणून हा इतिहास डॉक्टरांना पहिल्याच भेटीत सांगा.