पिकअपमध्ये दोऱ्या आणि बेल्टचा गुंता होऊ नये म्हणून घरच्या घरी काय करता येईल?

गुंता ही त्यातली किरकोळ तक्रार. बेल्ट ताणून झाल्यावर जे टोक उरतं त्याचं तुम्ही काय करता, हे तुम्ही लिहिलेलं नाही, आणि माझ्या मते खरा प्रश्न तोच आहे. आमच्याकडे त्याला शेपूट म्हणतात. त्या शेपटावरून आमच्या घरात इतकी वर्षं वाद चालू आहे, म्हणून उत्तर जरा लांबेल.

आम्ही दिंडोरी तालुक्यातले, टोमॅटोवाले. २०१५ च्या सप्टेंबरात पिंपळगावपेक्षा वाशीला दोन पैसे जास्त मिळतील म्हणून रात्री माल भरला. ७० क्रेट, वीस-वीस किलोचे. गाडीवर थोरला भाऊ, बांधाबांध माझ्याकडे. मागच्या थप्पीवर दोन इंची रॅचेटचा (म्हणजे हँडल मागेपुढे करून ताणायच्या खटक्याचा) बेल्ट टाकला आणि हँडल हलेनासं होईपर्यंत ताणला. शेपूट चांगलं दोन हात उरलं, ते तात्पुरतं खोचून दिलं. घोटीला चहाला थांबलो तेव्हा ते वाऱ्याने निघून फाळक्यावर, म्हणजे हौद्याच्या उघडणाऱ्या फळीवर, फडफडत होतं. मी म्हटलं, "दादा, पाच मिनिटं दे, नीट बांधून घेतो." तो म्हणाला, "बेल्ट ताणलाय ना? मग शेपटाने काय होतंय? चल, मार्केटला उशीर होईल." मी गाडीत बसलो. तिथे मी हट्ट धरायला हवा होता.

कसारा घाटात पाऊस लागला. एका वळणावर खालून खस्सकन आवाज आला आणि गाडीला हिसका बसला. भिजून जड झालेलं शेपूट खाली लोंबलं, मागच्या चाकात गेलं, चाकाने ते ओढलं आणि फाळक्याच्या कडीत अडकवलेला हूक उचकटून निघाला. बेल्ट सैल पडला आणि ११ क्रेट रस्त्यावर. मागचा ट्रकवाला वेळेत थांबला. त्याच्या हेडलाइटच्या उजेडात रस्ताभर पसरलेला तो लाल चिखल अजून माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. २२० किलो माल गेला, त्याचं एवढं काही नाही. ट्रकच्या जागी एखादा मोटारसायकलवाला असता तर?

तेव्हापासून घरात, लग्नकार्यात, पाहुण्यांसमोर दादा एकच सांगतो, "धाकट्याने बांधलेला बेल्ट सुटला." सुटला नव्हता! सकाळी वाशीला उजेडात मी तो नीट पाहिला. रॅचेट जसंच्या तसं बंद, आसावरचे वेढे पक्के, आणि शेपटाचं टोक कुंच्यासारखं पिंजलेलं, त्यावर टायरचं काळं. ते टोक मी कापून ठेवलंय, शेडमध्ये खिळ्याला अडकवलेलं आहे. ज्याला शंका असेल त्याने येऊन बघावं.

उपाय फुकटचा आहे. पंक्चरवाल्याकडून मोटारसायकलची बाद ट्यूब आणा आणि कात्रीने तिच्या दोन बोटं रुंद रिंगा कापा. बेल्ट रॅचेटमध्ये घालण्याआधीच एक रिंग त्याच्यावर ओवून ठेवायची, म्हणजे अंधारात शोधावी लागत नाही. बेल्ट ताणला की शेपटाच्या वीतभर लांबीच्या घड्या घालायच्या, साडीच्या निऱ्या घालतात तशा. त्या ताणलेल्या बेल्टवर चपट्या ठेवायच्या, रिंग ओढून त्यांच्यावर घ्यायची, एक पीळ द्यायचा आणि पुन्हा एकदा वरून चढवायची. गोल गुंडाळी करू नका, ती वाऱ्याने हलून हलून निसटते. वेल्क्रोच्या पट्ट्यांत माती आणि भुसा बसला की त्या धरत नाहीत, शेतमालाच्या गाडीत त्यांचा उपयोग नाही. शेपटाला निरगाठ मारणं तर मला अजिबात पटत नाही. भिजलेली गाठ सुटत नाही, मग कोणीतरी विळा घेतो आणि चांगला बेल्ट तोकडा करून ठेवतो.

आमचे अण्णा बैलगाडी हाकायचे तेव्हा उरलेला कासरासुद्धा सुरगाठ मारून अडकवून ठेवायचे, जमिनीला लागू द्यायचे नाहीत. दादाने ते माझ्यापेक्षा चार वर्षं जास्त पाहिलंय.

आता तुमच्या दोऱ्या. बहुतेक जण अंगठा आणि कोपराभोवती दोरी गुंडाळतात, गुंता तिथेच तयार होतो. प्रत्येक वेढ्याला दोरीत पीळ भरतो आणि सोडताना त्याच्याच अढ्या पडतात. त्यापेक्षा डाव्या तळहातावर एक झोळ अलीकडे, एक पलीकडे असे टाकत जा. हातभर टोक उरलं की जुडीच्या मधोमध चार-पाच घट्ट वेढे द्या, टोक दुमडून वरच्या भोकातून काढा आणि ओढा. अशी जुडी खिळ्याला टांगता येते, आणि लागेल तेव्हा सरळ मोकळी होते. नायलॉनच्या दोरीचं टोक मेणबत्तीवर वितळवून घ्या. काथ्याची किंवा सुती असेल तर टोकाला सुतळीचे घट्ट वेढे द्या, नाहीतर पेड उलगडत जातात.

काही गोष्टी आधीच सांगायला हव्या होत्या. वितळलेलं नायलॉन कातडीला चिकटून भाजतं, बोटांनी दाबू नका. ट्यूबचं रबर उन्हाने कडक होऊन तडकतं, दर हंगामाला रिंगा बदला. रिंग फक्त शेपटासाठी आहे, मालाचा भार तिच्यावर कधीही टाकू नका. बेल्टच्या कडेला काप गेला असेल तर तो बेल्ट बाद. गाठ मारून वापरू नका, गाठीपाशी तो आणखी कमजोर होतो.

आणि निघाल्यावर दहा-बारा किलोमीटरवर एकदा उतरून बेल्ट हाताने दाबून बघा. धक्क्यांनी क्रेट खाली बसतात आणि बेल्ट सैल होतो. घोटीला चहा घ्यायच्या आधी मी तो दाबून पाहिला होता. घट्ट होता.