मानेतील कृत्रिम डिस्क आणि धातूची ॲलर्जी

प्रश्न : माझे वय ४३ वर्षे आहे. मानेच्या पाचव्या आणि सहाव्या मणक्यांमधील गादी सरकल्यामुळे गेले पाच महिने उजव्या हातात कळा येतात आणि अंगठा व तर्जनीत सतत मुंग्या असतात. औषधे आणि फिजिओथेरपी यांचा उपयोग न झाल्याने सर्जननी डिस्क रिप्लेसमेंट सुचवली आहे. खोटे कानातले घातले की दोन दिवसांत माझ्या कानाची पाळी सुजून पाणी येऊ लागते, जीन्सच्या बटणाखालीही चट्टा उठतो. हे मी सांगितले तेव्हा ‘आपली डिस्क टायटॅनियमची आहे, काळजी नको,’ असे उत्तर मिळाले. एवढ्यावर विसंबून राहावे का? – एक वाचक, सांगली

उत्तर : नाही. ‘टायटॅनियमची डिस्क’ या शब्दांत दोन निरनिराळ्या गोष्टी मावतात आणि तुमच्या बाबतीत त्यांतील फरक महत्त्वाचा आहे. मानेत बसवल्या जाणाऱ्या प्रचलित डिस्कपैकी प्रोडिस्क-सी आणि मोबी-सी यांच्या वरच्या व खालच्या चकत्या कोबाल्ट-क्रोमियम-मॉलिब्डेनमच्या मिश्रधातूच्या असतात. हाड धरून राहावे म्हणून हाडाकडील बाजूवर टायटॅनियमचा थर दिलेला असतो आणि मधला भाग पॉलिएथिलिन या प्लास्टिकचा असतो. म्हणजे टायटॅनियम आहे हे खरे, पण ते थरापुरते. याउलट २०१४ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाची मान्यता मिळालेली प्रेस्टीज एलपी ही डिस्क टायटॅनियमचा मिश्रधातू आणि टायटॅनियम कार्बाइड यांच्या मिश्रणाची आहे. याच घराण्यातील २००७ मध्ये मान्यता मिळालेली आधीची आवृत्ती मात्र स्टेनलेस स्टीलची होती. नाव तेच आणि धातू वेगळा, असे या क्षेत्रात घडते; म्हणून नुसत्या ब्रँडच्या नावावर न थांबता नेमके मॉडेल विचारावे.

तुम्ही वर्णन केलेली लक्षणे निकेलच्या ॲलर्जीची वाटतात. शस्त्रक्रियेसाठी वापरल्या जाणाऱ्या ३१६ एल स्टीलमध्ये निकेल १० ते १५ टक्के असते. कोबाल्ट-क्रोमियमच्या मिश्रधातूत ते सहसा एका टक्क्याच्या आत असते, परंतु निकेलची ॲलर्जी असलेल्यांपैकी अनेकांना कोबाल्टचीही असते. टायटॅनियमच्या नेहमीच्या मिश्रधातूत ॲल्युमिनियम सुमारे ६ आणि व्हॅनेडियम सुमारे ४ टक्के असते. निकेल घातलेले नसते, अशुद्धी म्हणून अगदी लेशमात्र आढळू शकते.

त्यामुळे आधी त्वचारोगतज्ज्ञांकडे जाऊन पॅच टेस्ट करून घ्या. भारतीय प्रमाणित संचातच निकेल, कोबाल्ट आणि क्रोमियम हे तिन्ही असतात. पाठीवर छोट्या पट्ट्या चिकटवून त्या ४८ तास ठेवतात, त्या काळात पाठ भिजू द्यायची नसते आणि घामाने पट्ट्या सुटू द्यायच्या नसतात, म्हणून एप्रिल-मेच्या उकाड्यात ही चाचणी टाळलेली बरी. पट्ट्या काढल्यावर एक वाचन आणि ९६ तासांनी दुसरे वाचन होते. धातूंची प्रतिक्रिया कधीकधी उशिरा उमटते, तेव्हा सातव्या दिवशी पुन्हा पाठ दाखवायला जायचा कंटाळा करू नका. एक गोष्ट रुग्णांकडून हमखास सांगायची राहते. हाताच्या कळांसाठी तुम्हाला स्टिरॉइडच्या गोळ्या किंवा इंजेक्शन दिले असेल, तर चाचणी खोटीच नकारार्थी येऊ शकते. गोळ्या आपल्या मनाने बंद करू नका. शेवटचा डोस कधी घेतला ते त्वचारोगतज्ज्ञांना सांगा आणि तारीख त्यांनाच ठरवू द्या.

टायटॅनियमसाठी मात्र खात्रीलायक पॅच टेस्ट उपलब्ध नाही. डिस्कच्या धातूचा तुकडा पाठीला चिकटवून पाहण्याचा सल्ला कोणी दिला, तर त्याच्या निष्कर्षावर फारसा भरवसा ठेवता येत नाही.

चाचणी सकारात्मक आली म्हणजे शरीर डिस्क नाकारणारच, असे नाही. निकेलची ॲलर्जी असलेली असंख्य माणसे हाडांत स्टीलच्या पट्ट्या व स्क्रू घेऊन वर्षानुवर्षे विनातक्रार वावरतात, कारण त्वचेची प्रतिक्रिया आणि खोलवरच्या ऊतींची प्रतिक्रिया एकसारखी नसते. तरीही कृत्रिम डिस्कची गोष्ट पट्टीपेक्षा वेगळी आहे. ती आयुष्यभर हलते, हलताना झिजते, आणि झिजेतून सूक्ष्म कण व धातूचे आयन भोवतालच्या ऊतींत उतरतात. धातूवर धातू घासणाऱ्या रचनांमध्ये अशा कणांभोवती दाहक गाठी झाल्याच्या आणि हाड झिजल्याच्या नोंदी वैद्यकीय साहित्यात आहेत. म्हणूनच बहुतेक उत्पादकांच्या माहितीपत्रकात घटक पदार्थांची ॲलर्जी हे डिस्क न बसवण्याचे कारण म्हणून स्पष्ट छापलेले असते. सर्जननी हे पत्रक तुमच्यासमोर उघडून दाखवावे, असा आग्रह धरण्याचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे.

कोबाल्ट किंवा क्रोमियमलाही प्रतिक्रिया आली, तर माझ्या मते त्या मिश्रधातूची डिस्क टाळावी. सिम्प्लिफाय ही २०२० मध्ये अमेरिकेत मान्य झालेली डिस्क पीक या कठीण प्लास्टिकच्या चकत्या आणि सिरॅमिकचा गाभा अशी आहे. हाडाकडील बाजूला टायटॅनियमचा थर असला, तरी कोबाल्ट-क्रोमियमचा भाग तिच्यात नाही. आपल्याकडे कोणते मॉडेल नोंदणीकृत आहे आणि तुमच्या रुग्णालयाला मिळू शकते, हे सर्जननाच विचारावे लागेल. पण निकेल नाही म्हणजे सगळे सुरळीत, असेही समजू नका. टायटॅनियमच्या चकत्या आणि पॉलियुरेथेनचा गाभा असलेल्या एम-६ डिस्कभोवती हाड विरघळल्याच्या तक्रारी आल्या होत्या, आणि २०२५ मध्ये कंपनीने ते उत्पादन बंद करण्याचे जाहीर केले.

दुसरा मार्ग फ्यूजनचा आहे. त्यात पीकचा किंवा टायटॅनियमचा पिंजरा बसवून दोन मणके एकत्र जुळू देतात. मानेची त्या एका सांध्यापुरती हालचाल जाते आणि शेजारच्या गाद्यांवर ताण वाढू शकतो, पण हलणारा भागच नसल्याने झीज अगदी कमी राहते. हाडे ठिसूळ असतील किंवा मणक्यांचे मागचे सांधे झिजलेले असतील, तर ॲलर्जीचा विचार करण्यापूर्वीच डिस्क बाद ठरते, हेही तपासून घ्या.

रुग्णालयात आणखी दोन प्रश्न विचारा. त्वचा शिवायला स्टीलचे स्टेपल वापरणार का? त्याऐवजी टाके घालता येतात. बसवलेल्या प्रत्येक भागाच्या वेष्टनावरील स्टिकर, मॉडेल आणि लॉट क्रमांकासह, केसपेपरवर चिकटवणार का? त्याची प्रत मागून घ्या आणि जपून ठेवा.

चालताना तोल जाऊ लागला, साडीची पिन किंवा ब्लाउजचे हुक लावताना बोटे चुकू लागली किंवा लघवीवरील ताबा सुटू लागला, तर पॅच टेस्टसाठी थांबू नका. मज्जारज्जूवरचा दाब ॲलर्जीपेक्षा कितीतरी अधिक धोक्याचा असतो.

प्रश्न : वडील गवंडीकाम करत, सिमेंटमुळे त्यांच्या हातांना इसब होते. चार वर्षांपूर्वी कमरेत रॉड व स्क्रू बसवले. आता टाक्यांच्या जागी खाज येते आणि दुखते. हे धातूमुळे असेल का? रॉड काढावेत का? – एक वाचक, नगर

उत्तर : आधी जंतुसंसर्ग आणि स्क्रू सैल होणे या दोन शक्यता तपासल्याच पाहिजेत. त्यासाठी ईएसआर व सीआरपी या दाह दाखवणाऱ्या रक्ततपासण्या, एक्स-रे आणि गरज पडल्यास सीटी स्कॅन करावा लागतो. दोन्ही कारणे नसल्याचे ठरल्यावरच ॲलर्जीकडे वळावे. सिमेंटमुळे होणारे इसब त्यातील क्रोमियमच्या षट्संयोजी क्षारांमुळे होते. त्याची चाचणी सकारात्मक आली, तरी रॉडमधील मिश्रधातूलाही प्रतिक्रिया होतेच, असे म्हणता येत नाही. जुन्या केसपेपरवरून रॉड कशाचा आहे ते काढा. स्क्रू टायटॅनियमचे आणि रॉड कोबाल्ट-क्रोमियमचा, अशी जोडी पुष्कळदा असते. मणके पक्के जुळले असतील तर रॉड काढता येतात, जुळले नसतील तर काढणे घातक ठरू शकते. हा निर्णय सीटी पाहूनच घ्यायचा. ॲलर्जीचा संशय बळावला, तर २०१५ मध्ये सुरू झालेल्या भारताच्या मटेरिओव्हिजिलन्स (वैद्यकीय उपकरणांच्या दुष्परिणामांवर लक्ष ठेवणाऱ्या) कार्यक्रमाकडे नोंद करण्याची विनंती सर्जनना करा. गाझियाबादच्या भारतीय औषधसंहिता आयोगामार्फत चालणाऱ्या या कार्यक्रमाकडे रुग्णाच्या नातेवाइकांनाही तक्रार पाठवता येते.